पहिला तास बुडवा, दुसऱ्याला जा: गंगापूर रोडवरच्या व्हेपच्या वर्कशॉपबद्दल

आधी पैशांचं सांगतो, कारण मी स्वतः रिव्ह्यू वाचताना तेच आधी शोधतो. एक पालक आणि एक मूल मिळून ८०० रुपये. आई-वडील दोघं आले तर वर ३००. नंतर वेगळं भेटायचं असेल तर पाऊण तासाचे ५००. जागा नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, एका क्लासच्या पहिल्या मजल्यावरचा हॉल. लिफ्ट नाही, पार्किंग नाही. मी दोन गल्ल्या सोडून एका बंगल्याच्या फाटकासमोर गाडी लावली आणि अडीच तास निम्मा जीव तिकडेच होता. चहा मिळतो, बरा असतो. पाण्याची बाटली घरून न्या.

विषय असा की वयात आलेल्या मुलांशी व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, कसं बोलायचं. घेणाऱ्या बाई समुपदेशक आहेत, सगळे त्यांना ताई म्हणतात. नाव-पत्ता देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

मी अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवतो. छोटं युनिट, सात माणसं. लेक दहावीला. जूनच्या शेवटी तिची क्लासची बॅग पावसात भिजली, बायकोने ती उलटी करून वाळत घातली आणि कंपासमधून गुलाबी हायलायटर खाली पडला. टोपण म्हणून बायकोने ओढलं तर हातात आलं रबरी बूच. हायलायटर कसला, व्हेप होतं ते. वास कलिंगडाच्या गोळीचा. महिनाभर तिच्या खोलीतून येणाऱ्या ‘बॉडी स्प्रे’चा तेव्हा उलगडा झाला.

त्या रात्री मी काय केलं ते लिहायला नको वाटतं, पण लिहितो. चाळीस मिनिटं ओरडलो. फोन काढून घेतला. ‘आमच्या घराण्यात’ वगैरे शब्द वापरले. तिच्याकडून मिळालं काय? ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही.’ पुढचे चार दिवस घरात पोळी हवी की नको एवढंच बोलणं. मग आमच्या एका सप्लायरच्या बायकोने या वर्कशॉपची जाहिरात व्हॉट्सॲपवर पाठवली. मी बायकोला म्हटलं, आपलं स्वतःचं वर्कशॉप असताना पैसे देऊन दुसऱ्याच्या वर्कशॉपला कशाला? तिला हसू आलं नाही.

ती वस्तू मात्र मी दुसऱ्याच दिवशी युनिटवर नेली होती. राग आला की मला काहीतरी उघडून बघावं लागतं. साइड कटरने नळी चिरली. (तुम्ही करू नका. आत लिथियमचा सेल असतो, टोचला गेला तर पेट घेतो.) आत बोटाच्या पेराहून थोडा मोठा ३.७ व्होल्टचा सेल, त्याच्या टोकाला मोबाइलच्या माइकसारखा दिसणारा हवेचा सेन्सर. ओढलं की दाब कमी होतो, सेन्सर लागतो आणि करंट थेट कॉइलला. कॉइल म्हणजे केसासारख्या तारेचे पाच-सहा वेढे, मधून कापसाची वात. भोवती गुलाबी चिकट पाण्यात भिजलेला बोळा. वात त्यातलं पाणी ओढून घेते, तार तापते आणि ते पाणी बारीक थेंबांचं धुकं होऊन तोंडात जातं. समईच म्हणा, फक्त ज्योत नाही. आमच्याकडे एका पॅनलमध्ये हीटरची लाइन आली तर थर्मोस्टॅट, एमसीबी, काय काय लावतो. इथे तापमानावर लक्ष ठेवणारं मला काहीच सापडलं नाही. वात मधोमध काळी पडली होती आणि तारेवर तपकिरी थर, पातेल्याच्या बुडाला दूध करपतं तसा. ती वात मी एका झिपलॉकच्या पिशवीत ठेवली. का ठेवली ते तेव्हा सांगता आलं नसतं. पुरावा म्हणूनच बहुतेक.

आता वर्कशॉप. वेळ रविवारी साडेदहाची. सुरू झालं अकरा वाजून दहा मिनिटांनी, कारण प्रमुख पाहुणे यायचे होते. आल्यावर शाल, श्रीफळ, गुलाबपुष्प. वीस पालक, वीस मुलं आणि दीपप्रज्वलन. व्हेपच्या कार्यक्रमात. मुलांनी एकमेकांकडे बघून मान खाली घातली, त्यात माझी लेकही होती. ती महिनाभरात पहिल्यांदा हसताना दिसली म्हणून मला ते दीपप्रज्वलन माफ आहे.

पाहुण्यांचं भाषण माफ नाही. स्लाइडवर काळी फुप्फुसं. मग ‘पॉपकॉर्न लंग’ (फुप्फुसातल्या बारीक नळ्या खराब होण्याचा आजार) असं लाल अक्षरात, आणि व्हेप ओढलं की हे होतंच, असं ठोकून दिलं. मागच्या रांगेतला नववीतला असावा असा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, सर, ते नाव व्हेपवरून नाही पडलं, अमेरिकेत पॉपकॉर्नच्या फॅक्टरीतल्या कामगारांना झालं होतं. पाहुणे म्हणाले, आधी पूर्ण ऐकून घे, बस खाली.

पोरगं बरोबर होतं. मिसुरी राज्यातल्या कारखान्यातल्या कामगारांची ती गोष्ट, २००० सालची. लोण्याचा वास यावा म्हणून घालतात त्या डायअसिटिलमुळे झालेलं. तोच पदार्थ व्हेपच्या काही फ्लेवरमध्येही सापडलेला आहे, म्हणून काळजी करायला जागा आहेच, पण ‘होतंच’ म्हणायला नाही. त्या ‘बस खाली’नंतर वीसच्या वीस मुलं हॉलमधून मनाने निघून गेली. नंतर पाहुण्यांनी व्हेप ओढणाऱ्यांमधली २०१९ ची अमेरिकेतली फुप्फुसाच्या आजाराची साथ सांगितली, तीही अर्धीच. २,८०७ जण दवाखान्यात, ६८ मृत्यू, हे आकडे खरे. पण त्यातल्या बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेलं भेसळीचं द्रव ओढलं होतं आणि मुख्य संशय त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर आला, हा दुसरा अर्धा भाग नंतर ताईंनी सांगितला. मुलं तेव्हा कुठे पुन्हा माना वर करायला लागली. पाहुणे तोवर दुसऱ्या कार्यक्रमाला गेले होते.

ताईंचा तास म्हणजे या ८०० रुपयांतले साडेसातशे.

त्यांनी एक स्टीलचा डबा फिरवला. प्रत्येकाने एक प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, नाव नाही. पालकांनी पण. मग एकेक चिठ्ठी काढून मोठ्याने वाचायची. ‘नुसतं फ्लेवरचं पाणी असतं ना?’ या एका अर्थाच्या सहा चिठ्ठ्या निघाल्या. ताईंनी पाणी शब्दावरच बोट ठेवलं. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायनं आणि निकोटीन, आणि हे सगळं तापलं की त्यातून फॉर्मल्डिहाइडसारखी आणखी काही तयार होतात, तारेतले धातूही उतरतात. ‘इंग्लंडमध्ये सिगारेट सोडायला डॉक्टरच व्हेप सुचवतात, मग?’ ही नक्कीच मुलाची. मी मनात म्हटलं, आता ताई अडकल्या. त्या म्हणाल्या, खरं आहे, मोठ्या माणसांना सिगारेट सोडवायला तिथे त्याचा वापर करतात. आणि तिथेही अठराच्या आतल्याला विकणं गुन्हा आहे. तू किती वर्षं सिगारेट ओढतोस, जी सोडायची आहे? हॉल हसला. ‘कुंभमेळ्यात साधू चिलीम ओढतात ते चालतं का?’ ही चिठ्ठी फक्त नाशिकमध्येच निघू शकते. तिचं उत्तर ताईंनी साधूंवर सोडलं.

आणि एक चिठ्ठी: ‘आईला सांगितलं तर फोन जाईल का?’ ती वाचल्यावर ताई काहीच बोलल्या नाहीत. डबा तसाच धरून पालकांकडे बघत राहिल्या. पुष्कळ वेळ.

एका गृहस्थांनी उभं राहून सांगितलं की सरळ पोलिसात द्यावं, म्हणजे अद्दल घडते. ताईंनी कायदा काढला. २०१९ पासून देशात ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठा करणं, जाहिरात करणं, सगळ्याला बंदी. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. ओढणाऱ्याला मात्र त्या कायद्यात शिक्षा लिहिलेली नाही. ‘दादा, पोलिसात द्यायचा तर विकणारा द्या. पण तो कोण, हे तुम्हाला फक्त तुमचा मुलगाच सांगू शकतो, आणि तो तुमच्याशी बोलत नाहीये.’ गृहस्थ बसले. बोलणं त्यांना होतं, लागलं मला.

मग तो दहा मिनिटांचा प्रकार. याच्यासाठी जा.

खुर्च्या समोरासमोर नाहीत, शेजारी शेजारी, दोघांची तोंडं भिंतीकडे. मुलाने बोलायचं, पालकाने तीनच शब्दप्रयोग वापरायचे: ‘बरं’, ‘मग?’, ‘अजून सांग’. बाकी काही बोललात की ताई टेबलावरची घंटी वाजवणार. मला वाटलं, एवढंच ना. पहिली दोन मिनिटं लेक भिंतीवरच्या क्लासच्या टॉपर्सचे फोटो बघत बसली. मीही बघितले. मग ती बोलायला लागली.

हे तिला विचारून लिहितोय. तिने वाचून दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आहेत.

शाळा साडेबाराला सुटते. कॉलेज रोडचा क्लास तीनला. मध्ये इंदिरानगरला घरी येऊन परत जायचं म्हणजे रिक्षातच वेळ जातो, म्हणून ती तिकडेच थांबते. हे वेळापत्रक मीच लावलं होतं, आणि त्या अडीच तासांत ती काय करते हे मी कधी विचारलं नव्हतं. चार मैत्रिणी. त्यातल्या एकीकडे ते असतं. पहिले काही दिवस हिने नाही म्हटलं, मग एकदा ‘बघू तर’ म्हणून. ‘खोकला येतच नाही ना बाबा. सिगारेटसारखं काही वाटतच नाही.’

‘बरं.’

‘वास पण छान असतो.’

‘मग?’

‘मग काही नाही. मग रोजच.’

इथे माझ्या तोंडून ‘अगं पण तुला एवढं कळत नव्हतं का’ एवढं बाहेर पडलं आणि घंटी. चौथ्या मिनिटाला. सगळ्या हॉलमध्ये पहिली घंटी माझी. लेकीने माझ्याकडे बघितलं आणि चक्क डोळे मिचकावले. नंतर घंट्यांची रांगच लागली, देवळात असल्यासारखं.

पुढे ती म्हणाली, ‘आता सकाळी उठल्यावर आधी तेच आठवतं. युनिट टेस्टला अर्ध्या पेपरात हात शिवशिवायला लागले. मला भीती वाटली. पण तुम्हाला कसं सांगणार?’

मी ‘अजून सांग’ म्हणालो. आवाज नीट निघाला नाही.

तो खोकला न येण्याचा मुद्दा ताईंनी नंतर फळ्यावर समजावला. हल्लीच्या बहुतेक व्हेपमध्ये निकोटीनचं सॉल्ट असतं, म्हणजे त्यात बेंझोइक ॲसिडसारखं आम्ल घालतात. त्याने घशाला टोचत नाही, म्हणून जास्त निकोटीन सहज ओढलं जातं. मी एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा तंबाखूचा बार भरला तेव्हा गरगरून ओकलो होतो. शरीराने तेव्हाच सांगितलं होतं, ऐकलं मी नाही. हिच्या शरीराला सांगायची संधीच ठेवलेली नाही. आणि पंचवीस वर्षांपर्यंत मेंदूची घडण चालू असते, त्या वयात लागलेली सवय जास्त घट्ट बसते, हेही त्यांनी सांगितलं.

मग गणित. हायलायटरच्या पाठीवर बारीक अक्षरात ५% आणि २ मिली लिहिलेलं होतं. लेकीला ते पाच टक्के फळाच्या रसाचे वाटले होते! ताईंनी तिलाच खडू दिला. पाच टक्के म्हणजे एका मिलीत ५० मिलिग्रॅम, दोन मिलीत १००. मी मागून पुटपुटलो, सिगारेटीमागे एक मिलिग्रॅम धरला तर शंभर सिगारेटी. ताईंनी मलाच अडवलं: तितकं सगळं शरीरात जात नाही, फुगवायचं नाही. अमेरिकेतल्या जूल कंपनीने स्वतःच आपल्या ०.७ मिलीच्या एका पॉडची (द्रवाच्या कुपीची) बरोबरी वीस सिगारेटींच्या पाकिटाशी केली होती, त्या हिशेबाने बघा. लेकीने फळ्यावर भागाकार केला आणि ‘दोन पाकिटांहून जास्त’ असं लिहिलं. मग हळूच विचारलं, ‘मी एवढं आठवड्यात संपवलं?’ कोणीच उत्तर दिलं नाही, ताईंनी फक्त खडू परत घेतला.

परतीच्या वाटेवर ठरल्याप्रमाणे मिसळ. रविवारी गंगापूर रोडला येऊन मिसळ न खाता जाणं आमच्या घरात बसत नाही. तिथे गर्दीत काही बोलणं झालं नाही. झालं ते गाडीत, मुंबई नाक्याच्या जाममध्ये. तोंडं समोर, शेजारी शेजारी. त्या खुर्च्यांचं गमक तिथे कळलं. तीच म्हणाली, ‘आई म्हणत होती तुम्ही ते फोडून बघितलंत. दाखवा ना.’ झिपलॉक डॅशबोर्डच्या कप्प्यात होती. तिने वात उजेडात धरली, नखाने तो करपट थर खरवडला, वास घेतला. कलिंगडाचा वास गेला होता. ‘शी’, एवढंच. पाहुण्यांच्या चाळीस स्लाइडना ते जमलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी पाचशेवाली बैठक. इथे ताई बऱ्याच वेगळ्या, कमी हसतात, लिहून घेतात. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोकं दुखणं, झोप उडणं हे होणारच, दोन-चार आठवड्यांत ओसरतं, तेव्हा तिच्या चिडण्याला उद्धटपणा समजू नका असं मला बजावलं. अडीच तासांच्या फटीचं काय करायचं ते तिच्याकडूनच वदवून घेतलं: क्लासची दुपारची बॅच सोडून सहाची घेतली, मधल्या वेळात घरी. तल्लफ आली तर पाच मिनिटं ढकलायची, पाणी, बडीशेप, जिना चढउतर. आणि घरी बोलवत नसेल तर सरकारच्या क्विटलाइनला, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या नंबरला, फोन करायचा, फुकट आहे. नंबर सांगायला ताईंनी डायरी उघडली.

लेक म्हणाली, ‘नंबर बाबांकडे आहे.’

मला कळेना. तिने माझ्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवलं. पुडी बाहेर काढली. सडलेल्या तोंडाच्या चित्राखाली छापलेलंच आहे, १८००-११-२३५६. २०१८ पासून छापतात म्हणे. रोज तीन वेळा ती पुडी मी उघडतो, चुन्याच्या डबीसकट, आणि तो नंबर मी एकदाही वाचलेला नव्हता. माझी आजी मिश्री लावायची, वडील बार भरायचे, मी भरतो. आणि मी ‘आमच्या घराण्यात’ म्हणून ओरडलो होतो. ताईंनी इथे काहीतरी चांगलं वाक्य टाकायला हवं होतं, पण त्यांनी फक्त वहीचं पान उलटलं आणि नवीन पानावर माझं वय विचारलं.

आता हिशेब. पाचपैकी साडेतीन. दीड कापला तो उशीर, शाल-श्रीफळ आणि त्या लाल अक्षरांच्या स्लाइडसाठी. साडेदहाऐवजी बाराला पोहोचलात तर पाहुणे चुकतील आणि ताई मिळतील. मी आयोजकांना फोन करून हे तसंच सांगितलं, त्यांना आवडलं नाही. मुलाला ‘फिरायला जाऊ’ असं खोटं सांगून आणू नका. आमच्या बॅचला एकाला तसं आणलं होतं, तो शेवटपर्यंत हुडी वर करून बसला. आणि तुमचं मूल अजून व्हेपच्या वाटेला गेलेलं नसेल तरी चालेल, हॉलमधली निम्मी तशीच होती.

कालनिर्णयच्या मागच्या बाजूला आमच्या घरी आता दोन रांगा आहेत, चुकलेल्या दिवसाला फुली. तिच्या रांगेत पाच आठवड्यांत दोन फुल्या. माझ्या रांगेचं विचारू नका. तिसरी बैठक परवा झाली. पाचशेच घेतले, पण पावती ताईंनी दोघांच्या नावाने फाडली.